संगमरवर कारागिरांनी कोरला, मग शिल्पकार हॅरिएट हॉस्मर कशी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलाकडे सेंट लुईसला गेला होतात. तिथल्या लाफायेत पार्कात थॉमस हार्ट बेंटन या अमेरिकन सिनेटरचा ब्राँझचा पुतळा पाहिलात. तो हॅरिएट हॉस्मर नावाच्या बाईंनी १८६०च्या दशकात घडवला हे कळल्यावर कुतूहलाने त्यांच्याविषयी वाचत गेलात. मग कुठेतरी वाचनात आलं की या बाई रोममध्ये मातीचा नमुना करायच्या आणि संगमरवर इटालियन कारागीर कोरायचे. तुम्ही विचारलंय, ‘मग खरा शिल्पकार कोण? काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, असंच ना हे?’

गेली अठ्ठावीस वर्षं मी पुतळ्यांचं काम करते. माती, प्लास्टर, ब्राँझ हे रोजचं, संगमरवर अधूनमधून. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पुतळा घडतो कसा, आणि त्यात कोणाचा वाटा किती, हा पहिला. दुसरा असा की हीच शंका त्या काळात नेमकी हॉस्मरवर का घेतली गेली, तिच्या शेजारच्या पुरुष शिल्पकारांवर का नाही. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याचं मर्म कळत नाही, म्हणून आधी तो घेते.

सध्या माझ्या शेडमध्ये एक नऊ फुटी उभा पुतळा चालू आहे. आधी मी दीड फुटाचा छोटा नमुना केला. त्यातच सगळं ठरलं: वजन कोणत्या पायावर, मान किती वळलेली, उपरणं कुठून कसं पडणार. मग माझ्याकडच्या पोरांनी त्या मापांवरून लोखंडी पाइप आणि सळ्यांचा सांगाडा वेल्ड केला. टनभर माती स्वतःच्या वजनाने घसरू नये म्हणून सांगाड्याला जागोजागी तारेने लाकडी फुल्या लटकवल्या आणि माती थापली. तो आठवडाभर मी मातीला जवळपास हात लावला नाही, फक्त बाजूला उभं राहून ‘इथे कमी, तिथे अजून’ एवढं सांगत होते. त्यानंतरचे तीन महिने मात्र माझ्याशिवाय त्या मातीला कोणी हात लावत नाही. पोरं संध्याकाळी पाणी मारतात आणि ओली फडकी गुंडाळतात, तेवढंच.

परवाचीच गोष्ट. डाव्या खांद्यावरचं उपरणं सकाळपासून खटकत होतं. घडी सुबक होती, कडा छान वळली होती, तरी खोटी वाटत होती. तीनदा मोडून पुन्हा केली. दुपारी शिडीवरून उतरून वीस पावलं मागे गेले तेव्हा दिसलं, की दोष घडीत नाहीच, खांदाच पेरभर वर राहिलाय. खांदा तारेने कापला, खाली बसवला आणि त्यावर तीच घडी पुन्हा टाकली. दहा मिनिटांत कापड कापडासारखं पडलं. पुतळा घडतो तो अशा जागी. खांदा वर राहिलाय हे ओळखणं आणि तो कापायची हिंमत करणं, हेच शिल्पकाराचं काम. पुढचे सगळे टप्पे मातीत जे ठरलं ते सांभाळण्यासाठी असतात.

त्या मातीवरून प्लास्टरचा साचा निघतो, साच्यातून प्लास्टरचा पुतळा. ब्राँझ करायचं असेल तर तो ओतकामाच्या भट्टीकडे जातो आणि संगमरवर करायचा असेल तर कोरणाऱ्यांकडे. संगमरवराची माझी कामं जयपूरच्या कारागिरांनी केलेली आहेत, आणि तिथे शेजारी बसून मी जे पाहिलं तेच थोड्याफार फरकाने १८५०च्या रोममध्ये चालायचं. प्लास्टरवर तीन पक्के बिंदू ठरवतात, दगडावरही तसेच तीन. त्या तिन्हींवर टेकणारी एक चौकट असते आणि चौकटीला मागेपुढे सरकणारी सुई. समजा, प्लास्टरच्या नाकाच्या शेंड्याला सुई टेकवली, तिचा अटकाव तिथेच घट्ट केला आणि चौकट उचलून दगडावर लावली. आता सुई जिथवर पोचायला हवी तिथवर पोचत नाही, कारण मध्ये जादा दगड आहे. तेवढा उडवायचा. पूर्ण माणसाएवढ्या पुतळ्यावर असे शेकडो बिंदू घेतात. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राखून कच्चं काम करणारा थांबतो आणि त्याच्याहून कसलेला कारागीर पुढचं हातात घेतो. सर्वांत शेवटी शिल्पकार येऊन ओठांची कड, पापणी, बोटांची पेरं आपल्या मनासारखी करून घेतो.

यात कारागिराचं कौशल्य थोडंथोडकं नसतं. जयपूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्या पुतळ्याच्या कानाची पाळी अशी काही काढली होती की मी बघतच राहिले. ती पाळी मला दगडात तितक्या हलक्या हाताने काढता आली नसती, हे मी कोणालाही सांगेन. पण कान डोक्याला कुठे आणि किती तिरका चिकटणार, हे मात्र मिस्त्रींनी ठरवलेलं नव्हतं.

आता हॉस्मरकडे येते. तिचा जन्म १८३०चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनचा. वडील डॉक्टर. आई आणि भावंडं क्षयाने गेली आणि ही एकटी उरली, तेव्हा वडिलांनी तिला घरात कोंडून न ठेवता मोकळ्यावर वाढवलं. घोडेस्वारी, नाव वल्हवणं, नेमबाजी, बर्फावर घसरणं, सगळं तिला शिकवलं. शिल्पकलेच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शिडीवर आठ-आठ तास उभं राहून ओल्या मातीशी झटायला खांदे आणि पाठ लागते, आणि त्या काळच्या सुखवस्तू घरातल्या मुलींना ती कमावूच दिली जात नसे.

पुढची अडचण शरीरशास्त्राची होती. कातडीखाली स्नायू कसा धावतो ते कळल्याशिवाय मानवी आकृती करता येत नाही. तिच्या भागातल्या वैद्यकीय शाळा बाईला घेईनात. शाळेतल्या मैत्रिणीचे वडील वेमन क्रो सेंट लुईसला राहत होते. त्यांच्या घरी राहून १८५०-५१च्या हिवाळ्यात तिने तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जोसेफ मॅकडॉवेल यांच्याकडे शरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि प्रमाणपत्र मिळवलं. तुम्ही ज्या गावात तिचा पुतळा पाहिलात त्याच गावाने तिला हे शिक्षण दिलं, हे लक्षात ठेवा. वेमन क्रो पुढे तिचे आयुष्यभराचे आश्रयदाते झाले.

घरी परतल्यावर तिने ‘हेस्पर’ हा स्त्रीचा अर्धपुतळा संगमरवरात केला, १८५२मध्ये, आणि तो स्वतःच्या हाताने कोरला. म्हणजे छिन्नी-हातोडी तिला येत होती. ‘तिला दगड कोरता येत नव्हता म्हणून कारागीर ठेवले’ असं जर कोणी सांगत असेल तर ते या एका कामापुढे टिकत नाही.

त्याच वर्षी ती रोमला गेली. बाईने एकटीने परदेशात राहून शिकणं तेव्हा धाडसाचं होतंच, पण रोमच का, याची कारणं अगदी धंद्यातली आहेत. इटलीतल्याच काराराच्या खाणींचा संगमरवर हाताशी, समोर बसायला मॉडेल मिळणार, प्राचीन शिल्पं रोज डोळ्यांसमोर, आणि पिढ्यान्‌पिढ्या दगड कोरणारे कारागीर गल्लोगल्ली. जॉन गिब्सन हा वेल्समध्ये जन्मलेला, कानोव्हा या नामांकित इटालियन शिल्पकाराच्या हाताखाली शिकलेला शिल्पकार सहसा शिष्य घेत नसे. हॉस्मरचं काम पाहून त्याने तिला घेतलं आणि कानोव्हा पूर्वी जिथे काम करायचा तिथली जागा तिला दिली.

पहिल्या काही वर्षांतली तिची ‘मेड्युसा’ बघा, ग्रीक पुराणातली सापांच्या केसांची बाई. केसांचे साप होत चाललेत, पण चेहरा राक्षसिणीचा नाही, आपल्याला काय होतंय हे कळत असलेल्या देखण्या बाईचा आहे. असं सांगतात की त्या सापांसाठी तिने खरा साप मिळवून आणला, त्याला भूल दिली, प्लास्टरमध्ये त्याचा छाप घेतला आणि मग त्याला सोडून दिलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे या कामातल्या कोणालाही ठाऊक असतं. त्यात जिवंत साप धरून छाप घ्यायचा म्हणजे हात किती शांत हवा याचा विचार मी अनेकदा केलाय.

१८५४मध्ये वडिलांची आर्थिक ओढाताण झाली आणि घरून येणारा पैसा आटला. परत ये, असं सांगणं आलं. ती परतली नाही. शेक्सपिअरच्या नाटकातला खट्याळ ‘पक’ तिने केला, भूछत्रावर बसलेलं पंखवालं पोर. तो तुफान चालला. हजार-हजार डॉलरना त्याच्या संगमरवरी प्रती गेल्या, तीसहून जास्त, आणि एक प्रत तर इंग्लंडच्या युवराजाने घेतली. इथे तुमच्या प्रश्नाचा व्यवहारी भाग येतो. एवढ्या प्रती एका माणसाने दगडात कोरायच्या म्हटल्या तर आयुष्य त्यातच संपेल. आकृती तिची, प्लास्टर तिचं, प्रती कारागिरांच्या हातून. तिने हे कधी लपवलंही नाही. १८६०च्या दशकातला तिचा एक फोटो आहे: रोममधल्या तिच्या कार्यशाळेच्या अंगणात वीसहून जास्त कारागीर ओळीने उभे आणि मधोमध ती, ठेंगणी, हाताची घडी घातलेली. चोरून काम करवून घेणारं माणूस असा फोटो काढून घेत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. कोणत्या प्रतीवर तिचा स्वतःचा हात किती फिरला, हे प्रत्येक प्रतीगणिक वेगळं असणार. गिऱ्हाईक कोण, किंमत काय, घाई किती, यावर ते ठरतं. आजही तसंच आहे. पहिल्या प्रतीवर मी स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसते. पाचवी प्रत निघते तेव्हा नुसती तपासून सोडते. म्हणून ‘हॉस्मरचं शिल्प’ म्हटलं की प्रत्येक चौरस इंचावर तिची छिन्नी फिरली, असा अर्थ काढू नका. असा अर्थ कानोव्हाच्या किंवा थॉरवाल्डसेन या त्या काळच्या नावाजलेल्या डॅनिश शिल्पकाराच्या बाबतीतही काढता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. १८५९मध्ये तिने ‘झेनोबिया’ पूर्ण केली. झेनोबिया ही तिसऱ्या शतकातली, आजच्या सीरियातल्या पाल्मिराची राणी. रोमन सम्राट ऑरेलियनने तिला हरवलं आणि साखळदंड घालून रोममधून तिची मिरवणूक काढली. हॉस्मरने ती सुमारे सात फूट उंच केली. डोक्यावर मुकुट, मनगटांत बेड्या, मान किंचित झुकलेली, नजर खाली. पण चाल राणीची. साखळीचा भार तिने स्वतःच हातात उचलून धरलाय, फरपटू दिलेला नाही. मला या शिल्पात सर्वांत भिडतं ते हेच. साखळी नुसती लोंबती दाखवली असती तर ती फक्त कैदी दिसली असती.

१८६२च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ‘झेनोबिया’ मांडली गेली, गिब्सनच्या रंगवलेल्या ‘व्हीनस’च्या सोबतीला, एकाच मंडपात. पुढच्या वर्षी ‘आर्ट जर्नल’ आणि ‘क्वीन’ या इंग्लिश नियतकालिकांत, तेही दुसऱ्याच एका शिल्पकाराच्या मृत्युलेखात जाता जाता, छापून आलं की ही मूर्ती हॉस्मरची म्हणतात खरी, पण ती केली रोममधल्या एका इटालियन कारागिराने. गिब्सननेच करून दिली असावी, अशीही कुजबुज होती.

जरा विचार करा. त्याच मंडपात गिब्सनची कामंही होती. ती कोरणारेही रोमचे कारागीरच होते. त्याच्याबद्दल कोणी असं लिहिलं नाही. एवढं मोठं, एवढं भारदस्त काम बाईच्या हातून होईल हेच लोकांच्या पचनी पडत नव्हतं, आणि कार्यशाळेतली नेहमीची रीत तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. मला हे पुस्तकात वाचून कळलेलं नाही. माझ्या एका पुतळ्याच्या अनावरणाला समितीतले एक गृहस्थ थेट माझ्या नवऱ्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, ‘सर, चेहरा अगदी हुबेहूब उतरलाय हो.’ माझा नवरा बँकेत आहे. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ते हसून म्हणाले, ‘हो, वहिनींची मदत असणारच.’ त्या रात्री मी जेवले नाही.

हॉस्मर गप्प बसली नाही. तिने अब्रुनुकसानीचा दावा उभा केला आणि मजकूर मागे घ्यायला लावला. गिब्सन आणि तिथला दुसरा अमेरिकन शिल्पकार विल्यम वेटमोर स्टोरी तिच्या बाजूने उभे राहिले. पण मला त्याहून मोठं वाटतं ते तिचं पुढचं पाऊल. डिसेंबर १८६४च्या ‘अटलांटिक मंथली’त तिने शिल्प घडण्याच्या प्रक्रियेवर लेख लिहिला. छोटा नमुना, सांगाडा, माती, प्लास्टर, बिंदू घेणं, कोरणं, एकेक टप्पा उघड केला. मदतनीस कुठे लागतात ते स्पष्ट सांगितलं आणि थोर मानलेले पुरुष शिल्पकारही असंच काम करतात हे दाखवून दिलं. ‘मी सगळं एकटीने केलं’ असं खोटं बोलून सुटणं सोपं होतं. तिने कारागिरांचा वाटा मान्य केला आणि आपला वाटा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. ‘झेनोबिया’ त्याच सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागोला दाखवली गेली आणि बघायला लोटच्या लोट आले. तिची एक पूर्णाकृती प्रत आज कॅलिफोर्नियात हंटिंग्टन संग्रहालयात आहे.

या आरोपाची झळ तिच्यापुरती राहिली नाही. तिच्यामागून एडमोनिया लुईस रोमला आली. कृष्णवर्णीय वडील आणि ओजिब्वे या अमेरिकन मूळनिवासी समाजातली आई, अशा घरातली ती मुलगी. तिने आपला बराचसा संगमरवर स्वतःच कोरला. कारागिरांना द्यायला पैसे कमी होते हे एक कारण, आणि काम दुसऱ्याचं आहे असं कोणी म्हणू नये हे दुसरं. तिची ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ ही प्रचंड मूर्ती १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात होती. दीड टनाच्या आसपासचा तो दगड आहे. संशय टाळण्यासाठी एका शिल्पकाराला हे जास्तीचं ओझं उचलावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं. तेवढ्या वर्षांत तिने मातीत अजून किती आकृती केल्या असत्या!

मिसुरी राज्यातलं ते पहिलं सार्वजनिक स्मारक, म्हणजे तुम्ही पाहिलेला बेंटनचा पुतळा, आता पुन्हा डोळ्यांसमोर आणा. हॉस्मरने त्याचा नमुना रोममध्ये केला, ओतकाम म्युनिकच्या राजेशाही भट्टीत झालं आणि १८६८च्या मे महिन्यात बेंटनच्या मुलीच्या हस्ते अनावरण झालं. अंगावर रोमन थाटाचा झगा, हातात नकाशा, तोंड पश्चिमेला. चौथऱ्यावर कोरलंय, ‘तिकडे पूर्व आहे, तिकडे भारत आहे’. रेल्वे पश्चिमेकडे नेत गेलो की शेवटी भारताकडे पोचतो, हा बेंटनचा ध्यास होता. आपल्या माणसाने ते तिथे उभं राहून वाचावं याचा मला आनंद झाला. आता सांगा, हा पुतळा म्युनिकच्या ओतकाम करणाऱ्यांचा, असं तुमच्या मनात आलं का? ब्राँझमध्ये शिल्पकार धातू वितळवत नाही, हे आपण सहज धरून चालतो. संगमरवराच्या बाबतीत मात्र डोळ्यांसमोर छिन्नी घेतलेला माणूस उभा राहतो आणि गल्लत होते.

तिचं उत्तरायुष्य दोन वाक्यांत सांगते. पांढऱ्या संगमरवराची ती अभिजात शैली मागे पडत गेली, तशी ती साध्या चुनखडीपासून संगमरवरासारखा दगड बनवण्याच्या आणि सतत फिरत राहणाऱ्या यंत्राच्या प्रयोगांत रमली. शिकागोच्या १८९३च्या प्रदर्शनासाठी तिने स्पेनच्या राणी इझाबेलाचा पुतळा केला आणि १९०८मध्ये वॉटरटाउनलाच ती वारली.

पुढच्या खेपेला सेंट लुईसला जाल तेव्हा मर्कंटाइल लायब्ररीत तिची ‘बिआत्रिचे चेंची’ जरूर बघा. १५९९मध्ये रोममध्ये देहदंड झालेली ही तरुण मुलगी. हॉस्मरने तिला शिक्षेच्या आदल्या रात्री कोठडीत दगडी ओट्यावर झोपलेली दाखवलीय, हातात जपमाळ. चेहऱ्यापाशी घाई करू नका. जपमाळेचा हात बघा, मग नजर मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून खांद्याकडे न्या. झोपेत सैल पडलेल्या हाताचा भार खांद्यापासून सुरू होतो. तो तिथे दिसतो का, ते तुमचं तुम्ही पाहा. तो भार मातीतच यावा लागतो. तिथे चुकला तर कितीही चांगला कोरणारा असला तरी दगडात आणून देऊ शकत नाही. आणि फोटो काढू देत असतील तर त्या हाताचा एक जवळून काढा, मलाही पाठवा.